रिकाम्या रस्त्यावरचा भोंगा

एक जुलैला अख्खं माँट्रियल घर बदलतं. भाड्याचे करार आदल्या दिवशी संपतात, त्यामुळे गल्लीगल्लीत वळणाच्या लोखंडी जिन्यांवरून फ्रीज उतरतात, गाद्या चढतात, कुणाची तरी मांजर हरवते आणि कुणाचं तरी लग्न फुटपाथवरच मोडायला येतं. सोलांज थिबोदो एकोणीस वर्षं हा तमाशा आपल्या वरच्या मजल्याच्या बाल्कनीतून बघत आली होती. हातात गार बिअर, पाय कठड्यावर. कुणाचं कपाट कुठल्या वळणावर अडकलंय याची बातमी ती खाली राहणाऱ्या घरमालकिणीला, मादाम जेर्मेनला, वरूनच द्यायची. आपल्याला कधी कुठे जावं लागणार नाही, याचा थोडा माजच होता तिच्या आवाजात.

बावन्न वर्षांची ही बाई वृद्धाश्रमांत जाऊन म्हाताऱ्यांचे केस कापायची. मंगळवारी एक आश्रम, गुरुवारी दुसरा. मूलबाळ नाही, लग्न तिशीतच मोडलेलं. जगात तिच्या नावावर म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ते तीन खोल्यांचं भाड्याचं घर. आणि त्यातलंही अर्धं तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकलं होतं.

रेजां तिच्या आयुष्यात सहा वर्षांपूर्वी आला. तो टो-ट्रक चालवायचा. हिवाळ्यात बर्फ उचलणाऱ्या यंत्रांच्या पुढे जायचं, रस्त्याकडेच्या गाड्या हलवा म्हणून भोंगा वाजवायचा आणि तरीही हलल्या नाहीत त्या ओढून न्यायच्या, हे त्याचं काम. सोलांजकडे राहायला आल्यावर दर रविवारी जेवताना त्याचं एकच पालुपद असायचं. मी इथे पाहुणाच. उद्या भांडण झालं की तू मला पिशवीसकट जिन्यावर काढशील. शेवटी त्याच्या वाढदिवसाला तिने मादाम जेर्मेनला करार घेऊन वर बोलावलं आणि आपल्या नावाखाली त्याचं नाव घालून घेतलं. त्या कागदावर केकच्या लोण्याचा डाग अजून होता.

त्याने तिला कधी मारलं नाही. पुढे हीच गोष्ट तिला सगळ्यात अवघड गेली. तो तिची कात्र्यांची पिशवी लपवायचा आणि ती शोधत फिरताना हसत बसायचा. नंतर हसणंही थांबलं. नोव्हेंबरात एका सकाळी पावाला लोणी लावता लावता तो म्हणाला, "तू झोपतेस ना, तेव्हा मी तुझा गळा बघत बसतो. किती बारीक आहे गं." आणि सुरी चाटूनपुसून ताटलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला जायला सांगितलं. तो आरडाओरडा न करता निघाला, हेच तिला विचित्र वाटलं. दोन पिशव्या भरल्या, भावाकडे जातो म्हणाला. किल्ली मात्र खिशातच राहिली. तिने हात पुढे केला तेव्हा त्याने तो हात हातात घेऊन दाबला.

"नाव माझंही आहे, राणी. मी गेलेलो नाही. बाहेर आहे, इतकंच."

त्यानंतर ती कामावरून आली की कधी त्याचा कप धुऊन पालथा घातलेला दिसायचा, कधी तिची उशी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. कुलूप बदला म्हणून तिने मादाम जेर्मेनला विनवलं. म्हातारी म्हणाली, तोही भाडेकरू आहे, त्याला बाहेर कसं ठेवू? उद्या तो मलाच कोर्टात उभी करील.

मग बर्फ पडायला लागला. गल्ली साफ करायच्या दिवशी सकाळी सात वाजता भोंगा यायचा, वर-खाली, वर-खाली, जखमी जनावरासारखा. एकोणीस वर्षं तो भोंगा म्हणजे शेजाऱ्यांची धांदल होती. आता तो तिच्या खिडकीखाली येऊन थांबायचा. ती पडद्याआडून बघायची. ट्रकमध्ये कधी दुसराच कुणी असायचा, कधी रेजां. रेजां असला की तो वर बघायचा आणि भोंगा चालूच ठेवायचा. तक्रार कुणाकडे करणार? माणूस आपलं काम करत होता.

जानेवारीत कराराच्या नूतनीकरणाची चिठ्ठी आली. महिन्याभरात उत्तर दिलं नाही, तर करार आपोआप वर्षभर पुढे जातो. सोलांजला घर सोडायचं नव्हतं, त्याचं नाव सुटायला हवं होतं. तिने त्याला फोन केला. तो अगदी गोड बोलला. नाव काढायच्या कागदावर करतो की सही, मला त्या खुराड्याचं काय करायचंय? शुक्रवारी येतो. शुक्रवारी आला नाही. पुढच्या आठवड्यात गाडी बिघडली, मग भाऊ आजारी पडला. ती दर वेळी कागद टेबलावर मांडून, वाटाण्याचं सूप गरम ठेवून बसायची. महिना उलटला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. "अभिनंदन. आपण अजून एक वर्ष सोबत."

गुरुवारच्या आश्रमातल्या एका नर्सने तिला सांगितलं, घरच्या माणसापासून जिवाला भीती असेल तर मधूनही करार तोडता येतो, सरकारी कचेरीतून तसा दाखला घ्यावा लागतो. आता घर गेलं तरी चालेल, असं ठरवून सोलांज गेली. तिथली बाई चांगली होती, तिने घाई केली नाही. पण विचारायचं ते विचारलंच. मारलं का? नाही. मारीन म्हणाला? तसं नाही. मग काय म्हणाला? सोलांजने लोणी आणि सुरीचं सांगितलं, कपाचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच ते एखाद्या वेडगळ बाईचं बरळणं वाटायला लागलं. बाईने सगळं लिहून घेतलं, शपथेवर सही घेतली. मग म्हणाली की अजून कुणाचं तरी लेखी हवं. ज्याने डोळ्यांनी काही पाहिलंय त्याचं.

असं माणूस एकच होतं. मादाम जेर्मेन एकोणऐंशी वर्षांची, दिवसभर खिडकीत. गल्लीतली प्रत्येक गाडी तिला मालकाच्या स्वभावासकट ठाऊक.

म्हातारीने कॉफी दिली, सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"तुमच्या भांडणात मला ओढू नकोस. तो अजूनही येऊन माझी पायरी, जिना साफ करून जातो. माझा मुलगा करत नाही तेवढं करतो तो."

"तो जिन्यासाठी येत नाही, मादाम."

"कशासाठी का येईना. मागच्या वर्षी शेजारची घसरली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. मला पायरी साफ लागते."

सोलांज वर गेली. त्या दिवसापासून तिने दाराला आतून खुर्ची लावायला सुरुवात केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठं वादळ झालं. गाड्या हलवा म्हणून पालिकेने आदल्या दिवशीच नारिंगी पाट्या लावल्या होत्या आणि या खेपेला दंडाच्या भीतीने सगळ्यांनी वेळेवर हलवल्याही. सकाळी सातला गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी, पांढरी. तरी भोंगा आला. खिडकीखाली थांबला. रेजां खाली उतरला, फावडं काढलं, मालकिणीची पायरी आणि वर जाणारा जिना नेटका साफ केला, परत ट्रकमध्ये जाऊन बसला. एवढा वेळ भोंगा चालूच होता. सोलांज न्हाणीघरात, टबाच्या कडेला, दोन्ही कान दाबून बसली होती.

तो गेल्यावर बऱ्याच वेळाने दार वाजलं. ती उठली नाही. मग मादाम जेर्मेनचा दम लागलेला आवाज आला, "उघड गं, मी एकदाच चढू शकते."

केकच्या त्या वाढदिवसानंतर म्हातारी हा जिना चढली नव्हती. आज पायऱ्यांवर बर्फाचा कण नव्हता, म्हणून जमलं. दाराशीच असलेल्या खुर्चीवर ती टेकली, खुर्ची तिथे का होती ते तिने विचारलं नाही.

"एकही गाडी नव्हती," ती म्हणाली. "मी दोनदा मोजलं. चौदा मिनिटं वाजवत होता. कुणाला उठवत होता तो?"

सोलांजने तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"कागद दे. माझं अक्षर वाईट आहे, पण तारीख-वेळ बरोबर लिहीन."

लिहून झाल्यावर सोलांजने विचारलं, "मी गेले तर वर तो येईल. तुमचं काय?"

"माझा गळा जाड आहे," मादाम जेर्मेन म्हणाली. लोण्याची गोष्ट तिने नीट ऐकली होती तर.

दाखला मिळाला. नोटीस दिल्यापासून दोन महिन्यांनी सोलांज करारातून सुटली आणि घर रेजांच्या एकट्याच्या नावावर राहिलं. तिने मे महिन्यातल्या एका बुधवारी, गल्लीत दुसरं कुणीही हलत नसताना, सामान उतरवलं. कपाट वळणावर अडकलं. बघायला बाल्कनीत कुणी नव्हतं. ते तिथेच सोडून ती पुढे गेली.

नवं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात. खिडकी फुटपाथच्या पातळीला, तीतून लोकांचे बूट आणि गाड्यांची चाकं दिसतात. पत्ता तिने फक्त मादाम जेर्मेनला दिला. रविवारी म्हातारीचा फोन येतो. रेजां वर राहायला आलाय, रात्री जोरात चालतो, जिना अजून साफ करतो. आणि दर वेळी बेल वाजवून विचारतो, सोलांज कुठे असते?

"मग तुम्ही काय सांगता?"

"मला ऐकू येत नाही, असं सांगते. तो पुन्हा विचारतो. मोठ्याने."

डिसेंबरात पहिला बर्फ उचलायची वेळ आली. सोलांज कामावर निघायला कात्र्या पिशवीत भरत होती. भोंगा लांबून आला, जवळ आला. ती खिडकीशी गेली. समोर दोन चाकं दिसत होती, निळ्या गाडीची. गाडी आहे, तिने स्वतःला सांगितलं. गाडीसाठी आलाय. साखळ्या खणखणल्या, चाकं वर उचलली गेली, सरकत सरकत खिडकीच्या चौकटीबाहेर गेली.

आता समोर नुसता बर्फ होता. पिशवी हातात धरून ती भोंगा थांबायची वाट बघत उभी राहिली.