दोन थापा

खंडू साळवे ट्रक चालवतो हे कळलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. ट्रकवाला म्हणजे दारू ढोसून बेफाम सुटलेला, माणसं चिरडत जाणारा कोणीतरी. हा भाव खंडूला लांबून ओळखू येतो आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यानं आयुष्यात साधं सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. रस्त्यावर तो जितक्या अदबीनं वागतो, तितक्या अदबीनं हे तोंड वाकडं करणारे लोक स्वतःच्या सासरीसुद्धा वागत नसतील.

अँब्युलन्सचा आवाज कानावर आला की बाजूला व्हायला जागा शोधणारा पहिला माणूस खंडू. शाळेच्या बसमागे तो हॉर्नला हात लावत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या बाईनं हात दाखवला, की लोखंडी पत्र्याच्या बंडलांनी भरलेला ट्रक तो जागच्या जागी उभा करतो. भरलेला ट्रक उभा करायचा म्हणजे स्कूटरचा ब्रेक दाबणं नव्हे, पण ते कोणाला सांगणार? ती बाई निम्म्यात पोचायच्या आत ट्रकच्या दोन्ही अंगांनी बाइकवाले सुर्रकन पुढे निघतात, बाई मधल्या मध्ये थिजून उभी राहते, आणि मागचा गाडीवाला हॉर्नवर कोपर टेकून बसतो. अशा वेळी खंडू खिडकीतून मान काढून ज्या शिव्या घालतो, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्यातली एकही चुकीच्या पत्त्यावर जात नाही.

खंडू मूळचा जालन्याकडचा. आता विक्रोळीच्या डोंगरावर वीटकामाचं पक्कं घर आहे, दारात निळा झेंडा आहे, आणि घरात बायको राधा आहे. राधाचा थोरला भाऊ शिवदास हा खंडूचा क्लीनर. वयानं मोठा, मानानं मोठा, पण एक डोळा लहानपणीच अधू झालेला, त्यामुळे लायसनचं स्वप्न त्यानं कधी पाहिलंच नाही. राधाचं लग्न झालं त्या वर्षापासून तो खंडूबरोबर ट्रकवर आहे. खंडूला तो 'दाजी' म्हणतो, खंडू त्याला 'भाऊ' म्हणतो. दोघांची भांडणं जेवणाच्या डब्यावरून होतात, ट्रकवरून कधीच झाली नाहीत.

दोघांचं काम म्हणजे भिवंडीच्या गोदामातून पत्रा उचलायचा आणि साकीनाक्याच्या गल्ल्यांतल्या गाळ्यांवर उतरवायचा. नो एंट्रीची वेळ संपली की ट्रक आत शिरतो आणि मग खरी परीक्षा सुरू होते, कारण गाळ्याच्या ओट्याला ट्रक उलटा लावावा लागतो. ट्रकच्या मागे काय आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. आरशात दोन्ही कडा दिसतात, मधलं काही दिसत नाही. हे या शहरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही नेमके त्या मधल्या जागेतूनच घुसतात.

म्हणून थाप असते. मागे उभा राहिलेला क्लीनर ट्रकच्या हौद्यावर तळहातानं थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे येऊ दे. ओरडून उपयोग नसतो, हॉर्नांच्या कल्लोळात माणसाचा आवाज केबिनपर्यंत पोचत नाही. पत्र्यावरची थाप मात्र सीटखालून थेट ड्रायव्हरच्या अंगात येते. खंडू बायकोचं म्हणणं दोनदा तपासून घेतो, शेठचं तीनदा. शिवदासची थाप त्यानं कधी तपासली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो नेहमीच्या गाळ्याला ट्रक लावत होता. गल्ली ती केवढी, त्यात अर्धी पार्किंगनं खाल्लेली. ट्रक आडवा झाला तशी गल्ली तुंबली. रिव्हर्सचा बझर बोंबलत होता, शिवदास मागे दोन्ही हात पसरून लोकांना अडवत होता, तरी एक बाइकवाला डावीकडच्या फटीतून निघालाच. जाता जाता त्यानं ट्रकचा डावा आरसा घासून वाकडा केला, आणि वर "अंधा है क्या?" म्हणून खंडूलाच विचारून गेला. खंडूला आता डावीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्याला त्याची काळजी वाटली नाही. मागे शिवदास होता.

तेवढ्यात कमलमावशी आली. ही गल्लीतल्या कामगारांना डबे पोचवणारी म्हातारी. दोन्ही हातांत पिशव्या, आणि ओट्याच्या कडेला गटाराचं झाकण फुटलेलं. शिवदासनं हौद्यावर एक थाप मारली. खंडूनं ब्रेक दाबला. शिवदास ट्रक आणि ओटा यांच्या मधल्या जागेत शिरला, मावशीच्या एका हातातली पिशवी घेतली आणि तिला गटारावरून पलीकडे न्यायला लागला. भरलेला ट्रक एका म्हातारीसाठी उभा होता. रस्त्यावरची माणुसकी म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

पण तुंबलेल्या गल्लीत एक पांढरी मोठी गाडी खोळंबली होती आणि तिच्या मालकाला उशीर होत होता. त्यानं आधी हॉर्न वाजवला. मग वाजवतच राहिला. मग तो उतरला, फणफणत ट्रकपाशी आला आणि हौद्यावर तळहात आपटला.

एकदा. दोनदा.

खंडूच्या अंगात दोन थापा आल्या आणि त्यानं ब्रेक सोडला.

शिवदासनं मावशीला ढकललं म्हणून ती वाचली. ट्रकच्या मागचा लोखंडी दांडा आणि ओटा यांच्यामध्ये त्याचा उजवा पाय सापडला. त्याची किंकाळी हॉर्नांच्या वरून केबिनपर्यंत आली.

खंडूनं ट्रक पुढे घेतला आणि उतरण्यासाठी दार उघडलं, तेवढ्यात गर्दीनं त्याला खाली खेचलं. तो ओरडत होता, "अरे सोडा, भाऊ आहे माझा तिकडं!" कोण ऐकणार? ट्रक आणि रक्त दिसलं की गर्दीला बाकी काही पाहावं लागत नाही. पहिली थोबाडीत मारली ती त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं. एरवी अपघात झाला की चार पावलं मागे सरकून मोबाइल काढणारे लोक, त्या दिवशी प्रत्येकाला हात मोकळा करून घ्यायचा होता. शिवदासला गाळ्यातल्या कामगारांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

चौकीत खंडूचा ओठ फुटलेला होता आणि शर्टाची बटणं गायब होती. हवालदारानं विचारलं, "क्लीनर मागं उभा असताना गाडी मागं घेतलीस?"

"दोन थापा पडल्या साहेब."

"थापा?" हवालदार हसला. "थापा तर तू आत्ता मारतोयस."

बाकावरचे दोघंतिघं हसले. खंडूला वाटलं, याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर फोडावा. एका माणसाचा पाय चिरडलाय आणि यांना शब्दाची गंमत सुचते! त्यानं पुन्हा समजावून सांगितलं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. हवालदार मान हलवत राहिला. लहान मुलाच्या गोष्टीला हलवतात तशी.

शेजारच्या खुर्चीत पांढऱ्या गाडीवाला साक्षीदार म्हणून बसला होता. नाव केयूर. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली, आणि आपण एका चांगल्या नागरिकाचं काम करतोय असा चेहरा. तो म्हणाला, "सर, ही माणसं ऐकतच नाहीत. मी किती हॉर्न दिला. शेवटी स्वतः उतरलो, गाडीवर हात मारून सांगितलं त्याला, हटव म्हणून. तरी यानं मागेच घेतली!"

खंडू उभा राहिला. "किती वेळा?"

"काय किती वेळा?"

"हात. गाडीवर हात किती वेळा मारलास?"

"ए, नीट बोल हां. दोनदा मारला असेल. का?"

खंडू हवालदाराकडे वळला. "ऐकलं ना साहेब? यानं मारल्या. दोन. लिहा ना ते!"

"बस खाली," हवालदार म्हणाला. "त्याला बिचाऱ्याला काय माहीत तुमचं थापाबिपा. गाडी कोणी चालवली? तू ना?"

"माहीत नव्हतं तर हात का लावला?" खंडू ओरडला. "माझी गाडी म्हणजे काय ह्याच्या घरचं दार आहे, वाजवायला? ह्याला घाई होती म्हणून माझ्या भावाचा पाय..."

केयूरनं बाटलीचं झाकण लावलं, सही केली आणि तो आपल्या उशीर झालेल्या कामाला निघून गेला. निष्काळजीपणाचा गुन्हा खंडूवर लागला. जामीन झाला, तारखा सुरू झाल्या.

पण खंडूच्या मनात कोर्ट नव्हतं. त्याच्या मनात राधा होती. ती दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून होती आणि नवऱ्याशी बोलत नव्हती. शिवदासचा पाय गुडघ्याखाली कापला होता. खंडू वॉर्डच्या दारातूनच बघायचा आणि परत जायचा. गर्दीनं मारलं ते त्यानं सहन केलं, हवालदार हसला तेही केलं. पण शिवदासला वाटत असेल का, की आपण एकच थाप मारली आणि दाजीनं ती ऐकली नाही? एवढी वर्षं ज्याच्या हातावर डोळे मिटून गाडी मागे घेतली, त्याला असं वाटलं तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावण्यात अर्थ नव्हता.

शेवटी राधाच दारात आली. "आत या. तो विचारतोय तुम्हाला." आणि मग हळू आवाजात, त्याच्या डोळ्यांत बघत, "खरं सांगा, थाप पडली होती का?"

खंडू तिच्या बाजूनं आत शिरला. तो खाटेपाशी जाऊन उभा राहिला. शिवदासचा चेहरा पांढराफटक होता, चादर एका बाजूला सपाट पडली होती. खंडूला तिकडे बघवेना.

"दाजी," शिवदास म्हणाला, "मी एकच मारली होती."

"माहीत आहे भाऊ."

"मग नंतरच्या दोन कोणाच्या? मी पण ऐकल्या. मला तेव्हाच कळलं, आता तुम्ही गाडी सोडणार. म्हणून म्हातारीला ढकलली."

खंडू खाटेच्या दांड्याला धरून रडला. मोठ्यानं, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर. राधानं स्टूल पुढे सरकवलं आणि त्याला खांद्याला धरून बसवलं.

शिवदासला घरी आणल्यावर एका संध्याकाळी तोच म्हणाला, "दाजी, गाडीवर लिहून टाका. थाप मारू नका म्हणून." पेंटर हसला. शेठ हसला. भिवंडीच्या नाक्यावरचे ड्रायव्हर तर पोट धरून हसले, म्हणाले, अरे खंडू, तू काय लोकांना खरं बोलायला शिकवतोस की काय? खंडूनं मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात, ठळक अक्षरांत लिहून घेतलं: थाप मारू नका.

आता खंडू नवा क्लीनर घेत नाही. दर वेळी हँडब्रेक ओढतो, उतरतो, मागे जाऊन बघतो, परत चढतो, थोडं मागे घेतो, परत उतरतो. गल्ली तुंबते. लोक बोंबलतात, आईबहीण काढतात. खंडू त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

परवा त्याच गाळ्यापाशी तो ट्रक लावत होता. रिव्हर्स टाकलेला, बझर चालू, तो उतरण्याच्या बेतात. तेवढ्यात हौद्यावर थाप पडली. एकदा. दोनदा.

ब्रेकवरचा पाय आपोआप उचलला गेला. सवयच ती. ट्रक तसूभर मागे सरकला असेल नसेल, खंडूनं सगळं वजन टाकून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि किल्ली काढून उडी मारली.

बाजूला कॉलेजातला वाटावा असा एक पोरगा हसत उभा होता. "काका, मस्करी केली! ते लिहिलंय ना मागे, लय भारी आहे. रील बनवतोय."

"कोण बनवतंय?"

"ती बघा ना. ए श्रुतिका, आलं का गं नीट?"

खंडू मागे गेला. फाळका आणि ओटा यांच्या मध्ये, फाळक्याला पाठ टेकवूनच जवळजवळ, एक मुलगी उभी होती. मोबाइल उंच धरून ती आपला चेहरा आणि पिवळी अक्षरं एकत्र बसवत होती. ट्रक हलल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं.

खंडूनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि त्या पोराला मनगट धरून तिच्या जागी नेऊन उभा केला.

"अहो काका, काय करताय? सोडा ना!"

"उभा राहा. इथंच," खंडू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हाताची पकड सुटत नव्हती. "याच जागी माझा मेहुणा उभा होता. एकानं अशाच दोन थापा मारल्या. मी त्या खऱ्या धरल्या."

पोरानं एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा फाळक्याकडे. मग श्रुतिकाकडे. तिचा मोबाइल केव्हाच खाली आला होता.

गल्लीत हॉर्न सुरू झाले होते. कोणीतरी लांबून ओरडलं, "ओ ट्रकवाले, हटाव ना!" खंडूनं किल्ली खिशात टाकली आणि तो ओट्यावर बसून राहिला.