डिंभ्याच्या शिबिरातला चिमटा

डिंभ्याच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं, तेव्हा मला फक्त तपासणीला बोलावलं होतं. माझा दातांचा दवाखाना कळंबला. दात काढायला बाहेरगावचे एक वयस्कर डॉक्टर आले होते. सगळं जमवून आणलं होतं गावातल्या एका पुढाऱ्यानं, समारंभाला मोठे पाहुणेही त्यानंच बोलावले होते. मी व्हरांड्यात बसून तोंडं तपासायची आणि दात काढायचा असेल त्याला आत वर्गात पाठवायचं, असं ठरलेलं.

एका आजीचा गाल इतका सुजला होता की डोळा बारीक झालेला. तिला धरून मीच आत नेलं. टेबलावर प्लास्टिकच्या टबात जंतुनाशकाचं गढूळ पाणी होतं. आधीच्या माणसाचा दात काढलेला चिमटा डॉक्टरांनी त्यात बुचकळला, टॉवेलला पुसला आणि आजीसाठी ट्रेमध्ये ठेवला. हातातले मोजेही तेच. मग ते भुलीचं इंजेक्शन भरायला लागले. सुई तेवढी नवी होती.

मी चिमटा उचलून पाहिला. सांध्यात रक्त सुकून काळं पडलं होतं.

"सर, हा उकळला कधी?"

"सकाळी."

"आणि त्यानंतर?"

"एवढ्या माणसांना वेगवेगळं सामान कुठून आणायचं, मॅडम? खेड्यात चालतं एवढं."

खेड्यात चालतं! माझं माहेर याच तालुक्यातलं. अंगाचा तिळपापड झाला. "का? इथल्या माणसाचं रक्त वेगळं असतं? कावीळ काय फक्त पुण्यातल्या माणसाला होते?" मी ओरडलेच.

आवाज ऐकून पुढारी आत आला. "म्याडम, लोकं सकाळधरनं बसल्यात. पाहुणे यायच्या वक्ताला ह्यो काय तमाशा?"

मी चिमटा त्याच्यासमोर धरला. "हा तुमच्या आईच्या तोंडात घालाल?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुमाला पटत नसंल तर तुमी जावा."

दारातली माणसंही माझ्यावरच चिडलेली. एकजण म्हणाला, "एस्टी आता सांजच्याला. दुखतंय आमचं, आन भांडताय तुमी." त्यांचं काय चुकलं होतं? फुकटात दुखणं जातंय एवढंच त्यांना दिसत होतं. एकाच्या रक्तातला आजार दुसऱ्याच्या जखमेत जातो, हे मी व्हरांड्यात उभी राहून सांगितलं. काहीजण उठले. बरेचसे बसून राहिले.

आजी मात्र खुर्चीतून उतरली. "मला न्हाई त्यो चिमटा. पर माझ्या दाताचं काय?"

तिला आणि उठलेल्यांपैकी गाडीत मावले तेवढ्यांना घेऊन मी कळंबला आले. जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रातून काढलेलं सामान बंद पाकिटात असतं, ते आजीसमोर फोडलं. भूल दिली, दात काढला. कापूस दाताखाली धरून ती खाणाखुणांनी काहीतरी सांगत होती, पण माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी कळलं की मी गेल्यावर शिबिर पुन्हा सुरू झालं. त्याच टबावर.

मी रीतसर तक्रार केली. तिचं अजून काही झालेलं नाही. पण त्याची वाट बघत बसणं मला जमेना. दुसऱ्या दिवसापासून डिंभ्यात घरोघर फिरले. ज्यांचे दात काढले होते त्यांना रक्त तपासायला सांगितलं, लगेच आणि काही महिन्यांनी पुन्हा. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईचा नवरा म्हणाला, "आमाला रोगी ठरवताय व्हय?" तरी बरेचजण आले. जे आले, त्यांच्या रक्तात दोन्ही वेळा काही निघालं नाही. मला रडूच आलं. जे आले नाहीत त्यांचं काय, ते मला माहीत नाही.

पुढारी बाजारात भेटला. हसत म्हणाला, "बघा, काय झालं का कुणाला? उगा गाव घाबरवलं." भर रस्त्यात त्याच्या हसण्याचा मला इतका संताप आला, की हातातली भाजीची पिशवी मी गच्च आवळून धरली.

यंदा त्याचाच फोन आला. परत शिबिर ठेवायचंय, याल का? मी म्हटलं, येते. वाफेचं यंत्र गाडीत घालून आणीन, शाळेची वीज द्या. जेवढी पाकिटं तयार, तेवढेच दात निघतील. बाकीचे दुसऱ्या दिवशी.

"दोन दिस? पाहुणे तर एकच दिस हायेत. कळवतो," म्हणाला.

अजून कळवलेलं नाही.