घाटमाथ्यावर पाऊस, पायथ्याला ऊन

नोव्हेंबरच्या मध्यात रायगडच्या किनाऱ्यावरून घाटाकडे जायचं ठरवलं, कारण आठवडाभर मी त्याच घाटाच्या हवामानाचा अंदाज लिहीत होते. मुंबईत एका खासगी संस्थेत माझं हे काम आहे. त्या आठवड्याचं वाक्य असं होतं : "घाटमाथ्यावर शनिवारी दुपारनंतर तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस." वाक्याखाली नकाशा असतो आणि वाक्य कुणी वाचत नाही. नकाशात अख्खा तालुका एकाच पिवळ्या रंगात रंगवलेला होता. डोंगर आणि पायथा वेगळे दाखवा, असं मी दोनदा सुचवलं होतं. लोकांना सोपं हवं असतं, असं साहेबांचं उत्तर.

शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. तुम्ही जाणार असाल तर आधी भरती-ओहोटी बघा. पूर्ण ओहोटीला रेवसच्या खाडीत चिखल उघडा पडतो आणि लाँच उशिरा सुटते किंवा सुटतच नाही. तिकीट धक्क्यावरच मिळतं, सुटे पैसे ठेवा. डावीकडे बसलात तर ऊन लागतं. रेवसला उतरल्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचा वास येतो. हवा कोरडी होती आणि बोंबील नीट वाळत होते.

किहीमला एका घरगुती खाणावळीत जेवले. तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. भाकरी उत्तम, सोलकढी पाणचट. मालक वैतागलेले होते.

"दोन खोल्या रद्द झाल्या शनिवारच्या. मोबाइलवर पिवळा रंग बघतात नि घरी बसतात. इथे कुठाय पाऊस? वर बघा!"

वर निळं होतं. "रंगवणाऱ्याला एकदा इथे आणून बसवला पाहिजे," ते म्हणाले.

मी बिल दिलं आणि निघाले.

अलिबागहून रोह्याची एसटी, रोह्याहून सहा आसनी रिक्षा. ती भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा. शेवटच्या फाट्यापासून चालत मावशीचं गाव. मागे लगेच सह्याद्रीची भिंत उभी. मावशीचे यजमान रोह्याच्या कारखान्यात आहेत, त्यांना कापणीला रजा मिळत नाही. मजूर मिळत नाहीत. म्हणून तिचं शेत सावडीवर चालतं. सावड म्हणजे सगळ्यांनी मिळून पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचं. ज्याचं भात आधी पिकतं त्याची पाळी आधी. मावशीचं भात गरवं, म्हणजे सगळ्यांत उशिरा पिकणारं, म्हणून तिची पाळी शेवटची. तिच्या आधी शेजारच्या वामनकाकांची. शनिवार त्यांचा होता.

मी पोचले तेव्हा मावशी अंगणात मोबाइल घेऊनच बसली होती.

"बाय, ह्यो रंग आमच्या गावावर हाय ना?"

"रंग तालुक्यावर आहे, मावशी. अंदाज डोंगराचा आहे."

"मंग खाली येल का न्हाय?"

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचं कापलेलं भात शेतात भिजलं होतं आणि लोंब्यांना मोड आले होते. वर्षाचा तांदूळ गेला, बियाणंही विकत आणावं लागलं. ती का विचारते आहे हे मला माहीत होतं. पूर्वेचा वारा असला की घाट उतरताना तो कोरडा होतो, हेही माहीत होतं. मी म्हणाले, "शक्यता कमी आहे. पण येणारच नाही असं सांगता येणार नाही."

या वाक्यात एकही चूक नाही. ते मी आजही तसंच लिहीन.

मावशीने त्यातला दुसरा अर्धा भागच घेतला. वामनकाका सावडीतल्या चौघांना घेऊन विळे बघायला आले, तेव्हा तिने थेट त्यांची उद्याची पाळी मागितली. सावडीत अडचण सांगून कुणी पाळी मागितली तर नाही म्हणत नाहीत. पण मागतंही सहसा कुणी नाही.

"वैनी, तुजं भात अजून हिरवं हाय. उद्या कापून पावसाच्या आधी भाऱ्यांची उडवी रचशील, पन दाना भरलाय का?"

"मोड आल्यापरीस हिरवं बरं, भावजी."

"नि माजं? माजं पिकून वाकलंय. एक दिस ऱ्हायलं तर झडंल."

"माजी भाची त्याच कामात हाय. ती उगाच बोलंल का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय गं? पाऊस हाय?"

"डोंगरावर आहे. इथे शक्यता कमी आहे."

"कमी म्हंजे किती? चार शितोडं? का आमची वरात काढनार?"

अंगणातले सगळे हसले. मावशी हसली नाही. "येनार न्हाय असं ती म्हनत न्हाय," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. काका उठले. "घे तुजी पाळी. सकाळी येतो."

शनिवारी मी कापणीला उतरायला लागले, तर मावशीने अडवलं. "तू जा वर. तुजा पाऊस बगून ये."

घाटवाट सोपी आहे. गवत आणणाऱ्यांनी ती मळलेली असते. सुरुवातीला सागाचं रान, मग कोरडा ओढा, मग दगडी नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ. पाणी भरून न्या, वाटेतली टाकी नोव्हेंबरपर्यंत शेवाळतात. एकटीने जाऊ नका. मी गेले, कारण बरोबर यायला कुणी मोकळं नव्हतं आणि ते माझ्याच अंदाजामुळे.

जेवणवेळेनंतर माथ्यावर पोचले. ढग पूर्वेकडून आले आणि पाऊस सुरू झाला. दुपारनंतर, तुरळक, हलका ते मध्यम. शब्द न् शब्द बरोबर. मी एका कपारीत बसले. कड्याच्या काठापासून थोड्या अंतरावर पाऊस संपत होता. खाली लख्ख ऊन होतं. वामनकाकांचं शेत सोन्यासारखं पिवळं आणि वाऱ्यावर हलणारं. त्याला लागून मावशीचं, अर्धं कापलेलं, हिरवट. शेतात माणसं वाकलेली होती. खाली फोन लावला, रेंज नव्हती. रेंज असती तरी तोवर फार उशीर झाला होता.

उतरून आले तेव्हा सगळे अंगणात चहा पीत होते. त्यांचे कपडे घामाने ओले, माझे पावसाने. पायातले बूट पचपच वाजत होते.

"कुठं भिजलीस गं?" वामनकाकांनी विचारलं.

"वर."

"बग वैनी. पाऊस आला. भाचीला भेटून गेला."

या वेळी कुणी हसलं नाही. मावशीने मला टॉवेल दिला आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली.

रविवारी काकांचं भात कापलं. विळा लावला की दाणे मातीत पडत होते. मीही कापत होते आणि माझ्या हातूनही पडत होते.  दुपारी काका बांधावर मावशीला म्हणाले, "फुडल्या वर्षाला तुजी पाळी मुंबैत धर. आमच्यात नको." मला वाटलं टोमणा आहे. मावशीचा चेहरा बघितल्यावर कळलं, तिला सावडीतून निरोप होता.

परत येताना रोह्याहून पनवेलची एसटी पकडली. खिडकीतून घाट स्वच्छ दिसत होता. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : काळ चांगला आहे, वाट चांगली आहे, माथ्यावरून समुद्राची रेघही दिसते म्हणतात. मला ढगांमुळे दिसली नाही.

सोमवारी संस्थेत गेल्या आठवड्याचे अंदाज तपासले गेले. माझा शनिवारचा अंदाज "अचूक" ठरला. बैठकीत साहेबांनी नाव घेतलं. मी पायथा वेगळा दाखवण्याचं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

महिन्याने मावशीने नवा तांदूळ पाठवला. दर वर्षी पाठवते. हिरवं कापलेलं भात गिरणीत तुटतं, त्यामुळे पिशवीत अख्खा दाणा शोधावा लागत होता. सगळ्या कण्याच. शिजवल्यावर त्यांची खळ झाली. मी ती खाल्ली.

तांदूळ पोचल्याचं सांगायला मावशीला फोन केला. कापणीच्या दिवसांत ती मला रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "बाय, उद्या काय?" सावडीचं काय झालं ते मी विचारलं. "बगू," म्हणाली. 

"मुंबईत ऊन हाय का?" तिने विचारलं.

"आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. उद्याचं तिने विचारलं नाही.