मशीनची खांदशेकणी

बाबारावांना बैलांशिवाय करमत नसे, आणि बैल तर त्यांच्याकडे नव्हते. हुडकेश्वरच्या शेतीची वाटणी झाली तेव्हा जोडी धाकट्या भावाच्या गोठ्यात गेली. बाबारावांनी आपल्या वाट्याचं सगळं एका लिलावात ओतलं आणि लाकूड कातायची जुनी विलायती खराद मशीन सक्करदऱ्याला आणून बसवली. बायको प्रयागबाईनं मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "इले चारा काय घालसान?" बाबाराव हसले नाहीत. मशीनची चेष्टा त्यांना खपत नसे.

पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी असं काम वर्षभर चाले. खरा हंगाम मात्र पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी बैलाला झूल घालायची, दोरीनं ओढत तोरणाखाली न्यायचं. त्या बैलांची चाकं अर्ध्या सक्करदऱ्याला बाबाराव कातून देत. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांची खांदशेकणी करतात, जू ओढून दमलेला खांदा लोणी-हळदीनं चोळून शेकतात, तशी बाबाराव मशीनची खांदशेकणी करत. लोखंडी झाकणावर लोणी-हळद चोळायची आणि हात जोडून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारपाजारचे बघायला येत. हसायचं ते घरी जाऊन हसत.

चौऱ्याहत्तर साली, हंगाम तोंडावर आला असताना, मशीनचा वेग बदलायचा दांडा अडकला. मशीन एकाच वेगानं, तेही भरधाव, पळू लागली. मोठं लाकूड लावलं की थरथरे, पटाशी हातातून उडे. बाबारावांनी दांड्यावर हातोडी चालवून पाहिली, शिव्या घालून पाहिल्या. शेवटी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला निरोप धाडला.

नत्थूजी खापरखेड्याच्या वीजघरात फिटर होते. मितभाषी माणूस. दिवाळीनंतर रिटायर व्हायचे होते आणि कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. सक्करदऱ्याच्या रुपरावांच्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर जुन्या मशीनी बंद पडून होत्या. त्या दुरुस्त करायचं काम नत्थूजींना लागलं तर त्यांच्या बायकोला, कांताबाईला, माहेराजवळ बिऱ्हाड करता येणार होतं, आणि बाईनं तेवढंच एक मागणं भावाजवळ बोलून दाखवलं होतं. बाबारावांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "माही मशीन दुरुस्त होऊ दे. रुपरावले इथीच आणून दाखवतो."

नत्थूजी रविवारी आले. झाकण काढलं, तशी आतली दोन लोखंडी तबकं दिसली, समोरासमोर, मधे पट्टा. दांडा फिरवला की एक तबक सरकायला हवं. तबकं जवळ आली की पट्टा वर चढतो, लांब गेली की आत उतरतो, आणि त्यावर वेग ठरतो. सरकणारं तबक गंजानं आणि भुशानं दांडीला चिकटून बसलं होतं. नत्थूजींनी रॉकेल सोडलं, हलके ठोके दिले, तबक उतरवलं, पॉलिश पेपरनं दांडी घासली. आतली झिजलेली चावी, म्हणजे तबक दांडीला धरणारी लोखंडी पट्टी, पुढच्या रविवारी नवी घडवून आणली. मग दांडा एका बोटानं फिरू लागला.

"सारा जोर इथी येते, भाऊ," तबकांवर बोट ठेवून नत्थूजी म्हणाले. "इथी तेलाचा थेंब लागू देऊ नोका. पट्टा कोरड्यावरच धरते."

बाबारावांनी मान डोलावली. पण त्यांच्या कानात शिरलं ते पहिलंच वाक्य. इतकी वर्षं आपण नुसतं झाकण चोळत होतो, खांदा तर आत होता! त्यांना मशीनपुढे अपराध्यासारखं झालं.

म्हणून त्या वर्षीच्या खांदशेकणीला बाबारावांनी झाकण काढलं, आणि दोन्ही तबकं लोणी-हळदीनं आतून-बाहेरून मनसोक्त चोळली. दारातून प्रयागबाई म्हणाली, "जवाईबापूनं नाई म्हटलं होतं ना?"

"तेलाले नाई म्हटलं होतं," बाबाराव म्हणाले. "हे लोणी हाय."

पोळ्याला मशीनला सुट्टी. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अंगणात गर्दी झाली. कोणाच्या बैलाचं चाक तुटलेलं, कोणाला ऐनवेळी नवं हवं. नत्थूजी आणि कांताबाई पुरणपोळीच्या जेवणाला आले होते. कबूल केल्याप्रमाणे रुपरावही आले आणि खुर्चीवर बसले. बाबारावांनी थाटात बटण दाबलं.

मोटर घुमली. लाकडानं फिरल्यासारखं केलं, पण पटाशी टेकताच थांबलं. दांडा इकडे केला, तिकडे केला, वेग काही बदलेना. पट्टा जागच्या जागी घसरत होता. झाकणाच्या फटीतून धूर आला. जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले आणि बाबारावांचं डोकं फिरलं.

"काय करून ठेवलं हे?" ते नत्थूजींवर ओरडले. "खापरखेड्यात बटनं दाबून पगार घेणं येगळं, अन मशीन समजणं येगळं! चालती मशीन बिघडवून ठेवली माही. घरचा जवाई म्हणून हात लावू देल्ला, तं हे!"

चालती मशीन! अडकली होती म्हणून तर बोलावलं होतं. पण रागात कोण हिशेब ठेवतो? पदराखाली ताट धरून कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली.

नत्थूजी उठले. मशीन बंद करून त्यांनी झाकण काढलं. तबकं पिवळीधमक होती. त्यांनी एकदा बाबारावांकडे पाहिलं, फार नाही, निमिषभर. मग लोकांकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे आतलं कोणाला दिसू नये, आणि फडक्यानं तबकं पुसू लागले. फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुन्हा पुसलं, पट्टा उतरवून त्याला राखेनं कोरडं केलं. झाकण लावून म्हणाले, "माहीच चूक हाय, भाऊ. स्क्रू ढिला राह्यला होता."

पिवळं फडकं त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. ते बाबारावांनी पाहिलं. तोंड उघडायचं तेव्हाच होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर रुपराव होते, गिऱ्हाइकं होती, आणि नुकताच एवढा आवाज चढवला होता, तो उतरवायचा कसा? "होते असं कधी कधी," बाबाराव म्हणाले. वर मोठ्या मनानं क्षमा केल्यासारखी मान हलवली. त्या मानेची त्यांना पुढे जन्मभर किळस वाटली.

जेवायला नत्थूजी बसले, नेहमीएवढंच जेवले. कांताबाई म्हणाली, मला उपास आहे. तान्ह्या पोळ्याला कोणी उपास धरत नाही. प्रयागबाईनं एकदाही आग्रह केला नाही.

दोन दिवस बाबारावांनी लाटणी कातली. मशीन लोण्यासारखी चालत होती, आणि ही उपमा मनात आली तेव्हा त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आपल्या एका हट्टापायी बहिणीचं बिऱ्हाड गेलं, एका सरळ माणसाचं नाव गेलं. तिसऱ्या दिवशी ते आरामशीनवर गेले. रुपराव लाकडं मोजून घेत होते.

"रुपराव, त्या दिवशी स्क्रू नव्हता ढिला," बाबाराव एका दमात म्हणाले. "लोणी मी लावलं होतं. नत्थूजीची काई चूक नाई. काम त्याईलेच द्या."

रुपरावांनी हातातली फळी खाली ठेवली. "काम मी त्याले त्याच दिवशी सांगतलं गा, बसस्टँडवर गाठून. अन लोण्याचं काय सांगतं? दोनच दिवसांआधी घरोघरी खांदशेकणी झालेली. तापलेल्या लोणी-हळदीचा वास कोणाले नाई समजणार? पूर्ण अंगणाले समजला. आम्ही तं पाहून राह्यलो होतो, तू आता बोलतं का मंग बोलतं."

बाबाराव आल्या पावली मागं फिरले. गेल्या दोन दिवसांत ज्यानं ज्यानं "राम राम, बाबाराव" म्हटलं, त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लाटणी घ्यायला आलेल्यांनाही. ठाऊक नाही असं समजणारा सक्करदऱ्यात एकटाच होता.

ते घरी गेलेच नाहीत. सरळ खापरखेड्याची बस धरली. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं, चारचौघांत बोललो, तर माफीही चारचौघांतच मागायची. दाराआडची माफी काय कामाची?

कॉलनीत पाण्याची वेळ होती. क्वार्टरांच्या ओळीसमोरच्या नळावर बाया होत्या, ड्यूटीवरून आलेले फिटर ओट्यांवर बसले होते. नत्थूजी दारात सायकल पुसत होते. बाबाराव ओळीच्या मधोमध उभे राहिले, टोपी काढली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नत्थूजी, मी तुमाले माह्या अंगणात, पन्नास लोकाईसमोर, नाई नाई ते बोललो! तुमाले मशीन समजत नाई म्हटलं! तुमी आमचे जवाई, अन मी तुमची इज्जत घेतली. चूक माही होती. मले माफ करा!"

नळावरच्या घागरी थांबल्या. ओट्यावरचा एक फिटर उठून उभा राहिला आणि नत्थूजींकडे बघू लागला, मग दुसरा. कांताबाई बाहेर आली, तिनं त्या साऱ्या तोंडांकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावून आत पळाली.

नत्थूजींनी सायकल भिंतीला टेकवली. बाबारावांच्या दंडाला धरून त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

"बसा, भाऊ," ते हळूच म्हणाले. "इथी कोणाले काईच मालूम नव्हतं."