हिराने सही केली नाही

आरोही, निहार,

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. "मावशी, आई गेल्या... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मामांना कळवलंय. पण तिकडून काहीच उत्तर नाही." मी पेन खाली ठेवलं. तुमच्या रेडिओआजीची, म्हणजे हिराची, ही सून. सासू गेल्याच्या बातमीला जोडूनच तिला सासूच्या भावाचा विचार का करावा लागला, हे तुम्हाला तिकडे बसून कळणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे बाई कितीही म्हातारी होऊन गेली तरी तिच्या अंगावर घालायचं शेवटचं वस्त्र माहेरून येतं. ते भाऊ आणतो. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. आणि हिराचा भाऊ बाळाराम बरीच वर्षं तिच्याशी बोलत नव्हता.

मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत बायका हिराभोवती बसल्या होत्या. कोणी मोठ्याने रडत नव्हतं. दारात रिक्षा थांबली की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या, आणि कोणी भलतंच उतरलं की पुन्हा खाली जायच्या. बाळारामचं गाव कशेळीच्या बाजूला, फार लांब नाही. वाहतूक कितीही तुंबली तरी माणूस पोहोचला असता.

हिरा पहिल्यांदा आमच्या रेडिओवर आली ती गाणी म्हणायला. तुम्ही ऐकता त्या पॉडकास्टसारखा हा प्रकार नव्हे. बायकांच्या एका संस्थेने चालवलेलं हे लहानसं केंद्र, एक खोली, भिंतींना गाद्यांचा फोम चिकटवलेला. आवाज भिवंडी शहरात आणि आजूबाजूच्या गावांत जायचा. अंबाडीच्या रस्त्याला लागलं की खरखर सुरू व्हायची आणि वज्रेश्वरीच्या बसमधली माणसं पुढचं सगळं अंदाजाने ऐकायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे जायला लागले. ध्वनिमुद्रणं नीट लावून ठेवायची, नको ते कापायचं, हे काम मी संगणकावर शिकून घेतलं होतं. आगरी लग्नांतली गाणी नोंदवून ठेवावीत असं ठरलं आणि कोणीतरी हिराचं नाव सुचवलं. ती आली ती दोन्ही हातांत सोन्याच्या पाटल्या घालून, आणि खोलीत शिरताच म्हणाली, "बाई, ही काय खोली हाय? कोंबड्याचा खुराडा बरा!" आवाज असा की मला यंत्रावरची आवाजाची पट्टी खाली ओढावी लागली. पाटल्या माइकजवळ वाजतात, काढून ठेवा, असं मी सांगितलं तर म्हणाली, "वाजूं द्या. लोकांना कलू दे, बाई नेसून-सवरून आलीय."

दोन-तीन गाणी झाली. मुलीला सासरी धाडताना भाऊ कसा रडतो, असं एक गाणं होतं. ते संपलं, आणि मी यंत्र बंद करणार इतक्यात ती तशीच माइकसमोर बोलायला लागली. "गान्यात भाव रडतो. आन हापिसात? सही कुठं करायची तिथं बोट ठेवतो." आणि हसली. मी यंत्र बंद केलं नाही.

गोष्ट अशी होती. खाडीकडची शेतं गोदामांसाठी विकली जायला लागली, तेव्हा घरोघरच्या बहिणींना अचानक आमंत्रणं येऊ लागली. भाऊ गाडी पाठवायचा. मटणाचं जेवण, ओटी, नवी साडी. जेवण झालं की सगळ्या मिळून सरकारी कचेरीत. तिथे बहिणीने लिहून द्यायचं की वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी खुशीने सोडते आहे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बहिणीनेच हक्क सोडला नाही तर ती बहीण कसली? हिराच्या दोघी बहिणींनी सह्या केल्या. हिरा गाडीत बसली, जेवली, साडीही घेतली, आणि कचेरीच्या पायरीवर म्हणाली, "बाला, मी सही न्हाय करायची." बाळाराम तिच्यापेक्षा लहान. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मंग आजपासून तुला माहेर न्हाय."

तिला जमिनीची गरज होती असं नाही. नवऱ्याकडचं पुष्कळ होतं. म्हणून तर लोक जास्त चिडले. पण हे सगळं तिने रेडिओवर स्वतःच्या नावाने सांगितलं, आणि मग दर गुरुवारी दुपारी तिचा कार्यक्रमच सुरू झाला. मी तयार करून दिलेले प्रश्न ती बाजूला ठेवायची आणि समोरच्या बाईला विचारायची, "तुझ्या घरात तुझं काय हाय, सांग." बायका आधी हसायच्या. मग म्हणायच्या, सगळंच आहे की! मग गप्प व्हायच्या... ती गप्प वेळ हिरा कधी भरून काढत नसे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, वस्तीतल्या बायकाही यायच्या. तिथली शकीला एकदा तिला चिडवत म्हणाली, "हिराआपा, सबको हक़ सिखाती हो, और खुद का भाई दरवाज़ा नहीं खोलता!" हिरा म्हणाली, "अरे, दरवाज़ा उसका है, तो आँगन तो मेरा है ना? आँगन में बैठूँगी, चाय माँगूँगी!" खोलीभर हशा झाला. पण ती त्या अंगणात कधी गेली नाही हे मला माहीत होतं. भाऊबीजेला ती आमच्याकडे यायची आणि दिवसभर बसायची. आरोही, एका दिवाळीत तू तिला विचारलं होतंस, "तुला भाऊ नाही का?" ती म्हणाली, "हाय ना. लय देखना हाय." आणि तुला करंजी दिली.

तिला ते वस्त्र मात्र हवं होतं. आजारपणात तिने ते मला उघडच सांगितलं. मी म्हटलं, "हिरा, तू इतकी वर्षं बायकांना सांगतेस की साडीचोळीवर हक्क विकू नका, आणि तुला त्याच भावाकडून लुगडं कशाला हवं?" ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाई, जमीन कोर्ट दील. लुगडं कुठलं कोर्ट दील?" मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. हक्क आणि माया एकाच हाताने मागता येतात, हे माझ्या डोक्यात सहज बसत नाही. पण तिला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मागण्यात तिला लाज वाटत नव्हती.

हिरा गेली त्या सकाळी ऊन अंगणात आलं, वर चढलं. हिराच्या नवऱ्याची म्हातारी आत्या शेवटी म्हणाली, "आता किती थांबायचा? घरातलंच नेसवा." सुवर्णा कपाट उघडायला उठली, आणि तेवढ्यात मागच्या दाराने कमल आली. बाळारामची बायको, हिराची वहिनी. घामाघूम, पदर डोक्यावरून खाली ओढलेला, हातात कागदात बांधलेलं हिरवं लुगडं. ती सरळ हिराच्या पायांशी जाऊन बसली.

आत्याबाई म्हणाल्या, "बालारामानी दिला काय?"

"न्हाय," कमल म्हणाली. "ते घरात बसल्यात. मी आनलंय."

"मंग हा माहेरचा कसा व्हईल? तू तर परक्याची पोर."

कमल वर न बघता म्हणाली, "त्या घरातली चूल मी पेटवते. त्या घरातल्या म्हातारीचं समदं मी काढलं, वन्संच्या आईचं. मंग मी कोन हाय त्या घरातली? सांगा ना."

हिराचे यजमान भिंतीशी बसून होते. ते म्हणाले, "घाला."

म्हणून हिरा हिरवं लुगडं नेसून गेली. बाळाराम आला नाही, बाराव्यालाही नाही. हिराला ज्याच्या हातून हवं होतं त्याच्या हातून ते आलंच नाही, हेही मला तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तिचं मन राखलं गेलं, असं म्हणायला मी धजत नाही.

काही आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, कमल रेडिओच्या खोलीत आली. एकटी. तिला बोलायचं होतं. मी यंत्र लावलं आणि समोर बसले. हिराच्या जागी बसायला मन घेईना म्हणून स्टूल ओढून घेतलं. ती बराच वेळ बोलली, कधी माझ्याकडे बघून, बहुतेक वेळ भिंतीकडे.

हिराची एक पद्धत होती. कोणतीही बाई बोलून झाली की तिचं बोलणं तिलाच पहिल्यापासून ऐकवायचं. मग ती म्हणेल ते काढायचं, म्हणेल ते ठेवायचं. यावरून आमचे वाद व्हायचे. चांगली चांगली बोलणी अशी माझ्या हातून गेली आहेत. "तिचा आवाज तिचा हाय, बाई. आपला न्हाय," एवढंच हिरा म्हणायची.

मी कमलच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मध्ये एकदा तोंडावर पदर घेतला. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बाई, काढून टाका."

"कुठलं?"

"समदं."

मी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इतकं खरं बोलणं मी ऐकलं नव्हतं. आसपासच्या गावांतल्या किती बायकांनी ते ऐकायला हवं होतं... पण मी तिच्यासमोर ते पुसलं. पडदा तिच्याकडे वळवून दाखवलं की आता काही उरलेलं नाही. त्यात काय होतं ते तुम्हालाही मी सांगणार नाही.

ती उठली नाही. तिने हिराच्या खुर्चीकडे बघत विचारलं, "आता कोनीच न्हाय ना ऐकनार?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"वन्संनी ऐकलं असतं," ती म्हणाली.