एकसष्ट रोपांचे पत्ते

एप्रिलमधल्या एका सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका जळलेल्या डोंगरावरून प्लास्टिकचे एकसष्ट तुकडे गोळा केले, बाटलीतल्या पाण्यानं धुतले, रुमालानं लख्ख पुसले आणि माझ्या मैत्रिणीपुढं, उत्तरापुढं, धरले. खोटं कशाला बोलू, थोड्या कौतुकाची अपेक्षा होती.

यात माझा दोष एवढाच की मी सहा वर्षं ओसाकात राहतोय. तिथं एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी करतो. आमच्या इमारतीत दह्याचा डबा न धुता कचऱ्यात टाकला, तर दुसऱ्या दिवशी तो पिशवीसकट दाराशी परत येतो, वर एक अतिशय विनम्र चिठ्ठी. अशा चार चिठ्ठ्या आल्या की माणूस सुधारतो. पुण्यात असताना केळ्याचं साल आपण कुठं फेकलं याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. आता कुणी कापून टाकलेले दह्याच्या डब्याचे तुकडे मातीत दिसले की माझे हात शिवशिवतात.

"नंद्या, हे कुठून आणलंस?" उत्तरानं विचारलं.

"त्या दोरीच्या आतून. लोक पण काय एकेक असतात ना!"

"यावर नंबर होते."

"पेन्सिलीचे. निघाले सगळे. आधी जरा चिवटपणा केला त्यांनी."

उत्तरा एका काळ्याठिक्कर बुंध्यावर बसली. कॉलेजात माझ्या हातून सूक्ष्मदर्शकाची काच फुटली होती, तेव्हाही ती अशीच बसली होती. मग अगदी हळू म्हणाली, "ती माझी रोपं आहेत रे. प्रत्येकाचा नंबर होता तो."

उत्तरा शेटे मूळची भोरची. वडिलांचं सायकलचं दुकान. पुण्यात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्राला एका बाकावर होतो. मी वर्षभरात कॉमर्सला पळालो, ती राहिली. स्कॉलरशिपवर जपानला आली, पीएचडी झाली आणि गेली सात वर्षं कोबेच्या एका विद्यापीठात एकेक वर्षाच्या करारावर पोस्टडॉक करतेय. न्हाणीघरातल्या टबात रोपं वाढवते आणि स्वतः बादलीनं अंघोळ करते. जपानी झकास बोलते, पण हेल भोरचा, त्यामुळे समोरच्याला उगाचच वाटतं की ही आपल्याला झापतेय. आईचा, म्हणजे सुप्रभाकाकूंचा, दर रविवारी फोन येतो. "काय गं, अजून गवतच मोजतेस?" उत्तरा म्हणते, "गवत नाही आई, झाडं." "केवढी झालीत?" "वीतभर."

ही वीतभर झाडं तोबियामा नावाच्या राखीव डोंगरावरची. कोबेहून दोन गाड्या आणि एक बस. चार वर्षांपूर्वीच्या वसंतात तिथं वणवा लागला आणि दोन दिवसांत अख्खा दक्षिण उतार कोळसा झाला. गावकऱ्यांनी ठरवलं, ट्रॅक्टर जाईल असा रस्ता कापायचा, जळकी खोडं ओढून काढायची आणि ओळीनं सुगीची, म्हणजे देवदारासारख्या एका जपानी झाडाची, नर्सरीतली रोपं लावायची. उत्तरा त्यांच्या सभेत उभी राहून म्हणाली, हात लावू नका, डोंगर आपला आपण उगवेल. तिला तीन वर्षांची मुदत मिळाली. पहिल्याच वर्षी राखेतून लाल पाइनची एकसष्ट रोपं तिनं दोरीनं आखलेल्या चौकोनात वर आली. प्रकल्पाचे पैसे हरणं अडवायच्या जाळीत संपले, म्हणून नंबरपट्ट्या तिनं दही खाऊन बनवल्या.

"आणि मुदत कधी संपतेय?" मी विचारलं.

"आज. बारा वाजता गावची कमिटी येतेय. रोपं कागदाबरहुकूम जगलेली दाखवली नाहीत, तर सोमवारी रस्त्याचं मशीन येणार. मी तुला निसर्ग दाखवायला आणलं होतं, नंद्या. बघायला. हात लावायला नाही."

मी म्हणालो, "अगं, पण मोजमाप असेल ना? इकडून इतके सेंटीमीटर, तिकडून इतके?"

"कोपऱ्याचे खुंट रानडुकरांनी दोनदा उपटले. कुठून मोजू?" एवढं बोलून ती उठली, पाठपिशवीतून एक फुगलेली वही काढली आणि माझ्या अंगावर टाकली. "वाच. मोठ्यानं."

वही मराठीत होती. आणि त्यात रोपांचे पत्ते होते. आपल्याकडे देतात तसे.

"एक नंबर," मी वाचलं. "दुभंगलेल्या खडकासमोर, मुंगीच्या वारुळापासून दोन बोटं."

उत्तरा जमिनीवर पालथी पडली. "आहे. पुढं."

"सात. सहाच्या मागच्या अंगाला, तोंड उगवतीला, जरा रुसलेलं."

"आहे. रुसलेलंच आहे. पट्टी दे."

"बावीस. आडव्या खोडाच्या सावलीत, तेवीसला चिकटून. दोघांत वाद."

"तेवीसनं जागा दाबलीय बघ त्याची. दे."

तिच्या प्राध्यापकांनी म्हणे या वहीला नाक मुरडलं होतं. जपानात घरांनासुद्धा नंबर असतात, 'पिठाच्या गिरणीसमोर' कुणी सांगत नाही. पण गिरणी हलत नाही हो, खुंट हलतात! दोन तास मी वाचत होतो आणि ती कोपरांवर सरपटत होती. पट्टीवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं, या वेळी पक्क्या शाईनं. खाली वाकल्यावर मला प्रथमच तो डोंगर दिसला. उभं राहून बघितलं तर काळा. नाक टेकवलं तर हिरवा. जळक्या ओकच्या बुडातून चंदेरी कोंब फुटलेले, नेच्याच्या मुठी मातीतून वर आलेल्या, आणि वरच्या कड्यावर जांभळी अझेलिया अशी फुललेली की जणू वणवा तिच्याच तयारीसाठी लागला होता.

बाराला पाच कमी असताना एकसष्टावं रोप सापडलं. तीन मेली होती, पण त्यांच्या वाळक्या काड्यासुद्धा पत्त्यावर हजर होत्या.

कमिटी ठीक बाराला आली. पाच जण. पुढं काजितानी-सान, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर लाकूडतोड केलेले. त्यांच्या हातात उत्तरानं शरद ऋतूत दिलेली यादी होती, नंबर आणि उंची. आणि दुसऱ्या हातात घडीची लाकडी पट्टी. थंडीत रोप वाढत नाही, त्यामुळे उंची जुळायलाच हवी.

"सतरा," म्हातारबुवा म्हणाले.

उत्तरानं बोट दाखवलं. ते गुडघ्यावर बसले. चौदा सेंटीमीटर. यादीत चौदा.

"चाळीस."

नऊ. यादीत नऊ.

छत्तीसच्या पट्टीवरचा आकडा माझ्या हातून सगळ्यात वाईट आला होता आणि माझं अक्षर माझ्या बायकोलाही लागत नाही. त्यांनी नेमका छत्तीसच विचारला. तेही जुळलं. असे पंधरा तपासून झाल्यावर त्यांनी पट्टी मिटली.

"शेटे-सान, हे सगळं पाठ?"

"पाठ नाही. पत्ता माहीत आहे," उत्तरा म्हणाली.

"मी या डोंगरावर पन्नास वर्षं झाडं पाडली," काजितानी-सान म्हणाले. "एकाचाही पत्ता मी विचारला नाही." मग मागं वळून त्यांनी विचारलं, "कुणाला रस्ता हवाय?"

कुणीच हात वर केला नाही. एका गृहस्थांनी अर्धा केला होता, तो त्यांनी डोकं खाजवण्याच्या कामी लावला. दहा वर्षं उताराला कुणी हात लावायचा नाही, असा ठराव तिथंच लिहिला गेला. जपानात सहीऐवजी मारतात ते शिक्के मारायला सपाट जागा सापडेना, म्हणून मी पाठ वाकवून दिली. पाच शिक्के माझ्या पाठीवर बसले. माझ्या आयुष्यात इतका उपयोगी मी कधी पडलो नव्हतो.

मंडळी खाली गेल्यावर उत्तरानं दोन्ही हात वर करून भोरला ऐकू जाईल अशी एक आरोळी ठोकली. समोरच्या डोंगरानं ती जशीच्या तशी परत पाठवली. मग आईला फोन लावला, "आई, जिंकले! अठ्ठावन्न!" पलीकडून सुप्रभाकाकू ओरडल्या, "शंभरापैकी?"

आम्ही खडकावर बसून भाताचे गोळे ठेच्याबरोबर खाल्ले. झुडपात कुठंतरी एक पक्षी लांब शीळ घालून शेवटी गिरकी घेत होता. अपराधाची भावना जेवणानंतर बरीच हलकी होते, म्हणून मी जरा ऐसपैस टेकून विचारलं, "उत्तरा, हा डोंगर पुन्हा होता तसा व्हायला किती वर्षं लागतील गं?"

"तू परत आला नाहीस, तर तीस."