रेइजीचं स्थळ आणि बीएसडीची भाऊबंदकी

ओसाकातल्या आमच्या तेन्नोजी भागातली निम्मी लग्नं मी जमवलीत. घोरणारे दंतवैद्य खपवले, आईला विचारून मोजे घालणारे बँकवाले खपवले. पण माझा स्वतःचा भाचा, कुसाका रेइजी, काही खपेना.

तसा कागदावर मुलगा सोन्यासारखा. हिगाशी-ओसाकात स्क्रूच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. वय त्रेचाळीस, केस शाबूत, पिणं बेताचं. अडचण एवढीच की तो तोंड उघडायचा, आणि उघडलं की त्यातून नेटबीएसडी बाहेर पडायचं.

ही संगणक चालवणारी एक सिस्टीम. फुकट मिळते, आतलं सगळं कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. तिची ख्याती अशी की ती कसल्याही यंत्रावर चालते. म्हणून जगानं टाकून दिलेली यंत्रं रेइजी घरी आणायचा. माझ्या बहिणीची, तामाएची, कपडे वाळत घालायची खोली त्यानं गच्च भरली होती. ती बिचारी चादरी जिन्याच्या कठड्यावर टाकायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "रेइजी संशोधन करतो."

आधीच्या एका मुलीनं त्याला नुसतं विचारलं, "सुट्टीत काय करता?" यानं सांगितलं. कॉफी संपायच्या आत तिच्या आजीची तब्येत अचानक बिघडली. मागाहून कळलं, आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मग मोरिवाकी चिझुरुचं स्थळ आलं. दोशोमाचीतल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे ती संगणक सांभाळायची. फोटोत चेहरा असा, की गॅसचा मीटर बघायला आलीय आणि आपण चोरी केलीय. मी म्हटलं, चालेल. आपल्यालाही कुठे निवडायला वाव आहे?

भेटीसाठी उमेदा भागातल्या हॉटेलात शिरताना मी रेइजीला बजावलं, "संगणकाचं नाव काढायचं नाही."

"मग बोलू काय, मावशी?"

"क्योतोची पानगळ."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं? लाल झाली म्हणायचं आणि मान हलवायची."

चिझुरुनं आईशेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. पिशवीवर काटेरी, फुगलेल्या माशाचं चित्र. रेइजी ते टक लावून बघत राहिला.

"फुगू?" त्यानं विचारलं.

"फुगू," ती म्हणाली.

मला आनंद झाला. ओसाकात फुगू मासा आवडीनं खाणाऱ्या दोन माणसांना आणखी काय लागतं! मी तिच्या आईला लगेच म्हटलं, "रेइजीही हिवाळ्यात पातेल्यातला मोठा तुकडा कुणाला मिळू देत नाही हो." बाईंनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. तो मासा म्हणजे ओपनबीएसडी नावाच्या सिस्टीमचं बोधचिन्ह होतं. आजार त्यांच्या घरातही होता.

पुढे मी जे ऐकलं त्यातून मला कळली ती निव्वळ भाऊबंदकी. कॅलिफोर्नियातलं एक जुनं घराणं. त्यातून फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी असे दोन भाऊ निघाले. पुढे नेटबीएसडीच्या घरात भांडण होऊन एकजण दार आपटून गेला, त्यानं मांडलेली चूल म्हणजे ओपनबीएसडी. नाकीडोळी तिघं सारखे. आमचा मुलगा नेटबीएसडीच्या घरातला, आणि ही मुलगी दार आपटणाऱ्याच्या बाजूची. याहून चांगलं स्थळ मी शत्रूलाही शोधून दिलं नसतं.

"तुम्ही ओपनवाले दाराला सात कुलपं लावता," रेइजी म्हणाला. "आत आहे काय पण?"

"आत शांत झोप आहे. तुमच्याकडे चोर यायचा प्रश्नच नाही म्हणा. भंगार न्यायला येणार का?"

"चिझुरु!" तिची आई.

"एक विचारते," चिझुरु म्हणाली. " त्या जुन्या यंत्रावर नवं काही सॉफ्टवेअर बसवायला वेळ किती लागतो तुम्हाला?"

"लहान असेल तर एक दुपार."

"आणि मोठं?"

रेइजीनं कॉफीत साखर घातली. तो साखर घेत नाही. "मेच्या सुट्टीत सुरू केलं, तर ऑगस्टात ओबोनच्या सणापर्यंत होतं."

"आम्ही एक ओळ लिहितो. तयार पॅकेज येतं, त्याला जे जे लागतं ते बरोबर घेऊन येतं, आणि चहा गरम आहे तोवर बसतंसुद्धा."

"नव्या यंत्रांना आमच्याकडेही तयार मिळतं. जुन्यांसाठी मूळ कोडपासून घरी शिजवावं लागतं, एवढंच. आणि आमची पॅकेजची व्यवस्था दुसऱ्यांच्या सिस्टीमवरही चालते. तुमची चालते?"

"ती व्यवस्था मुळात त्या श्रीमंत फ्रीबीएसडीकडून उचललेली."

"आणि तुमची? तीही त्याच कपाटातली ना?"

चिझुरु पहिल्यांदा हसली. मग दोघं मिळून त्या श्रीमंत भावावर घसरले.

"त्यांच्याकडे ढिगानं पॅकेजं," रेइजी म्हणाला. "सगळी तयार."

"सहसा काही मोडतही नाही," चिझुरु म्हणाली. "मग रविवारी करतात तरी काय?"

निघताना दोघांनी एकमेकांचा नंबरही मागितला नाही. स्टेशनवर रेइजी म्हणाला, "उद्धट आहे." तिच्या आईचा फोन आला, "आमची म्हणते, हट्टी आहे." मी फोटो परत पाठवून दिला.

काही दिवसांनी तामाएचा फोन. "अगं, रेइजी गुणगुणतोय. डॉक्टरला दाखवू का?"

झालं असं होतं, की चिझुरुनं घरी जाऊन रेइजी सांभाळत असलेलं एक पॅकेज तपासलं. शब्दकोशाचं होतं, वापरणारे जगात असतील मूठभर. पॅकेजवर त्याचा ईमेल होताच, त्यावर तिनं पाठवलं: "अमुक ओळ चुकली आहे. दुरुस्ती सोबत." ना नमस्कार, ना चमत्कार. त्यानं ती घेतली आणि ईर्ष्येनं हिच्या पॅकेजांत चुका शोधायला बसला. पानं लाल झाली, गळली, ह्यांचं चालूच.

शेवटी मी विचारलं, "तिला विचारलंस का?"

"काय?"

"अरे, लग्नाचं!"

"मावशी, तिनं माझी दुरुस्ती स्वीकारली. एक अक्षर न बदलता." त्याचे कान लाल झाले होते. आमच्या काळी एवढ्यासाठी निदान हात धरावा लागायचा.

विचारलं शेवटी तिनंच, क्योतोला ह्या बीएसडीवाल्यांच्या एका संमेलनात, शेजारशेजारच्या टेबलांवरून. "ती वाळवणाची खोली रिकामी केलीत, तर मी येते." रेइजीनं यंत्रं एकेक करून लोकांना दिली. शेवटचं देताना तो पुसायचं फडकं हातात घेऊन बराच वेळ उभा होता. मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. एवढं माझ्या हातून क्वचित होतं.

लग्न झालं. मग तामाएला भावंडांचे फोटो बघायला संगणक हवा होता. त्यावर कुठली सिस्टीम घालायची यावरून घरात असा अबोला, की तामाए मिसोचं सूप दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची. अखेर तह झाला: फ्रीबीएसडी. ते पटकन बसलं, फोटो दिसले, तामाए खूश झाली. हे दोघं मात्र घरात कुणी वारल्यासारखे बसून होते. संमेलनातल्या मित्रांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मला दोनदा सांगितलंय.

गेल्या रविवारी मी ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गोळे, खायला गेले होते. रेइजी तव्यावरचे गोळे सुईनं फिरवत होता. चिझुरु एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या नव्या पॅकेजला बाकीच्या पॅकेजांची इतकी पिलावळ कशाला लागते?" सुई हातात तशीच राहिली, आणि गोळे एका बाजूनं काळे झाले.

"मावशी, लागले का गं?"

"छे, छान खरपूस झालेत," मी म्हटलं, आणि सॉसची बाटली ओढून घेतली.